तोल अकरा जणांचा

कापसाची गाडी उलाळ झाली म्हणजे काय होते, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या माणसाला विचारावे. ओझे मागे जास्त पडले की गाडीची मागची बाजू खाली बसते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. उलट ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या माना दबतात आणि दोन कोसांत त्यांच्या तोंडाला फेस येतो. मौज अशी की, दोन्ही वेळी गाडी तीच असते, बैल तेच असतात आणि कापूसही तेवढाच असतो. शहाणा गाडीवान अशा वेळी बैलांना मारीत बसत नाही. तो खाली उतरतो, दोन गाठोडी इकडची तिकडे करतो आणि पुन्हा धुरेवर जाऊन बसतो.

फुटबॉलचा संघही असाच उलाळ होतो. हरलेल्या संघाविषयी आपण फार घाईने बोलतो. पोरांत दम नाही, पोरांना लाज नाही, अमका आता म्हातारा झाला, असे आपले निदान असते. पण पुष्कळ वेळा दम असतो, लाज असते, वयही असते. चुकलेली असते ती ओझ्याची वाटणी. आपल्या देशाच्या फुटबॉलच्या इतिहासात १९५२ ते १९६२ अशी एक दहा वर्षे आहेत की, ज्यांत हा तोल गेलेला आणि परत आलेला स्वच्छ दिसतो. दिवाळीच्या फराळाबरोबर तीच कथा वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले.

आता कोणी म्हणेल, नांदगाव खंडेश्वरच्या मास्तरने फुटबॉलवर का लिहावे? शंका रास्त आहे. आमचे गाव खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळासाठी ओळखले जाते, फुटबॉलसाठी नव्हे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, तेव्हापासून जिल्ह्याला व्यायामाचे वेड आहे खरे. पण ते कुस्तीचे, मल्लखांबाचे, हुतूतूचे. फुटबॉल आमच्याकडे शाळेच्या मैदानावर राहिला. पण या कथेचा नायक हैदराबादचा आहे, आणि हैदराबाद वऱ्हाडाला परके नाही. १८५३ पर्यंत वऱ्हाडावर निजामाचा अंमल होता. पुढे इंग्रजांनी प्रांत हाती घेतला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला, तरी कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली आणि १९३६ पासून निजामाचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणून मिरवू लागला. तेव्हा हैदराबादच्या एका माणसाचे कौतुक करण्याचा थोडा हक्क आम्हांला आहे. त्यातून तो माणूस शाळामास्तर! सय्यद अब्दुल रहीम असे त्याचे नाव. सगळा देश त्यांना रहीमसाहेब म्हणे.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालचा. काचीगुडा, चंचलगुडा अशा हैदराबादच्या शाळांतून त्यांनी शिकवले. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सेक्रेटरी होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे गुरू. गुरू हा शब्द मी मुद्दाम वापरतो. प्रशिक्षक म्हटले की हातात शिट्टी घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. रहीमसाहेबांच्या हातात खडू शोभला असता.

त्यांनी हैदराबादच्या पोरांसाठी ज्या स्पर्धा काढल्या त्या ऐकण्यासारख्या आहेत. एका स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत नेण्याला, म्हणजे ड्रिब्लिंगला, मनाई होती. चेंडू आला की तो दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेत आपल्या कच्च्या पायानेच चेंडू मारायचा. उजवा ज्याचा चांगला त्याने डावा वापरायचा. तिसरीत उंचीची अट, म्हणजे धिप्पाड पोरांनी लहानांना रेटू नये. वरवर पाहता या गमती वाटतात. पण ज्याने वर्गात साठ पोरे सांभाळली आहेत त्याला यातली मेख कळेल. हुशार पोरगा सगळी उत्तरे एकटाच देतो तेव्हा वर्ग शिकत नाही. रहीमसाहेबांनी हुशार पायाला गप्प बसवले आणि मुक्या पायाला बोलायला लावले.

आमच्या पोरांचा खेळ पाहिला म्हणजे या शिक्षणाची किंमत कळते. चेंडू डावीकडे गेला की वीसच्या वीस जण डावीकडे, उजवीकडे गेला की सगळे उजवीकडे. गुळाच्या खड्याला मुंगळे लागावेत तसे. उरलेले मैदान ओस. गोलातला पोरगा तेवढा बिचारा एकटा उभा असतो, आणि तोही मधूनच कंटाळून पुढे येतो. फुटबॉल या खेळाचा सारा इतिहास म्हणजे या मुंगळ्यांना मैदानभर पसरवून उभे करण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

हा इतिहास थोडा सांगितल्यावाचून पुढची गोष्ट उमगणार नाही, म्हणून घरातल्या ज्या मंडळींना खेळाचे वावडे आहे त्यांनी एवढा परिच्छेद सोसावा. गोलरक्षक सोडला तर संघात दहा माणसे उरतात. फार दिवस त्यांची मांडणी दोन-तीन-पाच अशी असे: मागे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर चेंडू आपल्याकडे मारला जाताना, पुढे गेलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन जण असावे लागत. ते आता दोघे असले तरी पुरे झाले. साहजिकच आक्रमण सोपे झाले आणि मागचे दोघे उघडे पडू लागले. तेव्हा लंडनच्या आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफबॅकला मागे खेचून तिसरा बॅक केला. त्यापायी पुढच्या पाचांतले दोघे जरा मागे सरकले. वरून पाहिले तर ही मांडणी इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसते, म्हणून तिला तेच नाव पडले. युरोपात ती रूढ झाली. आपल्याकडे मात्र मागे दोघेच राहिले.

आणि पाय उघडे राहिले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या बहुतेक खेळाडूंनी अनवाणी खेळून फ्रान्सला घाम फोडला होता. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि आपण १-२ असे हरलो, पण वाहवा मिळाली. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलावर आपण इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघाला शिकवणारे रहीमसाहेबच होते. कौतुक अंगाला लागले, की आपले काही चुकत असेल हा विचारच माणसाच्या मनात येत नाही.

१९५२ साली हेलसिंकीला तो भ्रम उतरला. थंड हवा, ओले मैदान, समोर युगोस्लाव्हिया. मध्यंतरालाच पाच गोल झाले होते. संपता संपता दहा. आपल्याकडून अहमद खानने एक गोल केला. दहा विरुद्ध एक! ही काही ऐऱ्यागैऱ्यांनी केलेली धुलाई नव्हती. याच युगोस्लाव्हियाने पुढे रशियाशी ५-५ अशी बरोबरी केली, मग पुन्हा खेळून त्यांना हरवले आणि अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. पण त्याने आपला आकडा काही लहान होत नाही.

देशात ओरड झाली ती पायांची. बूट घाला, बूट घाला! बूट पुढे सक्तीचे झाले, ते योग्यच झाले. पण बुटांनी घसरणे थांबते, मागे दोनच माणसे उभी असण्याचा दोष त्याने जात नाही. आणखी एक गोष्ट होती. त्या काळी आपल्याकडचे सामने बहुधा सत्तर मिनिटांचे असत आणि परदेशात नव्वद मिनिटांचे. शेवटच्या वीस मिनिटांत आपली पोरे का गळतात, याचे उत्तर तिथेच होते. रहीमसाहेबांनी हेलसिंकीहून आणलेला धडा असा की, मागे तिसरा माणूस हवा, चेंडू लवकर पुढे सरकायला हवा आणि दम नव्वद मिनिटांचा हवा. १९५३ साली वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे लोळवले आणि चॅपमनची मांडणीही जुनी झाल्याचे जगाला कळले; तेव्हा हैदराबादला बसलेला हा मास्तर जगाच्या फार मागे नव्हता.

मुंबईकरांनी त्याची विद्या डोळ्यांनी पाहिली. १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स कपाचे सामने कूपरेजवर होत. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे हा कप हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. पाच वर्षे! कलकत्त्याच्या मोठ्या नावांना पोलिसांच्या या संघाने पाणी पाजले.

१९५४ साली मनिलाच्या आशियाई खेळांत संघ रहीमसाहेबांकडे नव्हता. जपानला ३-२ असे हरवले, इंडोनेशियाकडून ४-० असा मार खाल्ला आणि पहिल्याच टप्प्यात परतलो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांना परत बोलावले आणि इथे आपल्या मुंबईचा एक मोहरा चमकला. नेव्हिल डिसूझा हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पार झाली. १ डिसेंबरला गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच मैदानावर. नेव्हिलने तीन गोल केले, किट्टूने एक, ४-२. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा आपला संघही आशियातला पहिला.

उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. नियतीलाही मास्तरांसारखी फेरपरीक्षा घेण्याची हौस असते. मध्यंतरापर्यंत गोल नाही. नंतर ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे! पण मग त्यांनी लगोलग गोल केले आणि शेवट १-४ असा झाला. ब्राँझपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने ३-० असे हरवले. चौथा क्रमांक. पण हेलसिंकीचा १-१० आणि मेलबर्नचा १-४ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चार वर्षांत गाडीची दोन गाठोडी हलवली होती, एवढाच फरक.

मधली वर्षे थोडक्यात उरकतो. १९५८ ला टोकियोच्या आशियाई खेळांत रहीमसाहेब नव्हते. आपण चौथे आलो. १९६० ला रोमच्या ऑलिंपिकला ते होते. हंगेरीशी १-२ असे हरलो, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, पेरूकडून १-३ असा पराभव झाला. फ्रान्सशी झालेल्या सामन्यात प्रदीपकुमार बॅनर्जींच्या गोलाने आपण आधी पुढे होतो. एका गटातून वर जाता आले नाही, तरी हा संघ जगात कोणासमोरही उभा राहण्यासारखा आहे हे दिसले.

आणि मग १९६२ चे जाकार्ता. तिथे संघ मैदानावरच नाही, मैदानाबाहेरही तोल जाण्याच्या बेतात होता. इंडोनेशिया सरकारने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. आशियाई खेळांच्या कल्पनेचे जनक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली, या खेळांना आशियाई खेळ म्हणू नये असे सुचवले. झाले! जाकार्ताचे लोक भारतीयांवर खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपले खेळाडू बसमधून जाताना जपून जात, आणि मैदानावर उतरताच सारे प्रेक्षागृह हुर्यो करी.

पहिला सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि आपण ०-२ असे हरलो. गाडी उलाळ झाली ती अशी सुरुवातीलाच. दुसऱ्या दिवशी कोणी काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. पण रहीमसाहेबांनी संघ मोडला नाही. थायलंडला ४-१ असे हरवले. मात्र त्या सामन्यात मागच्या फळीचा आधारस्तंभ जर्नैल सिंग याचे डोके फुटले, टाके घालावे लागले. हा पंजाबचा तरुण म्हणजे भिंत होती. भिंतच पडली तर घर कशावर उभे राहणार? त्याच्यावाचून जपानला २-० असे हरवले खरे. पण पुढे उपांत्य फेरी, आणि गोलरक्षक पीटर थंगराज तापाने अंथरुणावर. त्याच्या जागी तरुण प्रद्युत बर्मन उभा होता.

इथे मास्तरांनी जे केले ते माझ्या मते या दहा वर्षांतले सर्वांत शहाणपणाचे काम आहे. टाके घातलेल्या डोक्याचा माणूस मागे उभा करायचा म्हणजे उंच आलेला प्रत्येक चेंडू त्याच्या डोक्यावर घ्यायचा. तिथे त्याला ठेवणे धोक्याचे. बसवून ठेवावे तर एवढा ताकदीचा माणूस वाया. जर्नैल कॉलेजात असताना पुढच्या फळीत खेळत असे, असे सांगतात. रहीमसाहेबांनी त्याला उचलून सेंटर फॉरवर्ड केला! मागची बाजू अरुण घोष आणि चंद्रशेखर यांच्याकडे सोपवली. त्यांच्या जोडीला त्रिलोक सिंग. मागचे सर्वांत जड गाठोडे पुढे गेले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला आपण ३-२ असे हरवले. त्यांतले दोन गोल कप्तान चुनी गोस्वामींचे आणि एक, ज्याच्या डोक्याला पट्टी होती त्या जर्नैलचा.

याच संघात मधल्या फळीत एक गोवेकर होता, त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेतो. फॉर्च्युनाटो फ्रँको. कोलवाळचे, टाटांच्या संघाकडून खेळणारे. हाफबॅकचे काम म्हणजे गाडीच्या आसाचे काम. चाके दिसतात, बैल दिसतात, शिंगांचे गोंडेही दिसतात. आस दिसत नाही. पुढे बॅनर्जी, गोस्वामी आणि बलराम हे तिघे नाचत होते ते मागे फ्रँको आणि प्रशांत सिन्हा चेंडू पुरवत होते म्हणून. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला तो डिसेंबर १९६१ मध्ये, आणि नऊ महिन्यांच्या आत गोव्याचा एक मुलगा भारताच्या अंतिम सामन्यात उभा होता.

४ सप्टेंबर १९६२. समोर पुन्हा दक्षिण कोरिया, ज्यांनी पहिल्याच दिवशी आपल्याला ०-२ असे हरवले होते. मैदानात लाखभर लोक आणि त्यांतले जवळजवळ सगळे आपल्याविरुद्ध. आपल्या बाजूने ओरडणारे थोडके होते. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते, असे त्या संघातली मंडळी पुढे आयुष्यभर सांगत. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी पोरांपाशी सुवर्णपदकाची भेट मागितली, असेही सांगतात. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्यांकडे काही मागितले, याचे मला फार अप्रूप वाटते. आम्ही आयुष्यभर देतच असतो असा आमचा समज.

थंगराज ताप झटकून गोलात उभा राहिला. त्रिलोक सिंगच्या पायाच्या बोटाला इजा होती, तोही उभा राहिला. १७ व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी गोल केला. तीन मिनिटांनी दुसरा गोल झाला, तो जर्नैल सिंगने केला. मागच्या फळीतला माणूस, डोक्याला टाके, आणि सुवर्णपदकाच्या सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून गोल! पुढे सत्तर मिनिटे आपण तो लाभ राखला. सामना संपायला थोडी मिनिटे उरली असता कोरियाने एक गोल फेडला, पण तेवढ्यावरच थांबावे लागले. २-१.

नऊ दिवसांपूर्वी जे कोरियन आपल्याला भारी पडले होते ते काही दुबळे झाले नव्हते. आपल्याकडेही कोणी नवा पहिलवान आणला नव्हता; उलट जखमी, आजारी अशीच माणसे होती. फक्त प्रत्येकावर तेवढेच ओझे होते, जेवढे त्याला पेलेल, आणि जिथे तो ते पेलू शकेल तिथे.

११ जून १९६३ ला रहीमसाहेब हैदराबादला वारले. वय ५३. त्यांचा एक विद्यार्थी, आल्बर्टो फर्नांडो, पुढच्या वर्षी ब्राझीलला प्रशिक्षणाचे धडे घ्यायला गेला. आता इथे जे शिकवतात ते रहीमसाहेबांनी आम्हांला १९५६ सालीच शिकवले होते, असे तो म्हणाल्याची नोंद आहे. १९६४ च्या आशियाई चषकात आपण दुसरे आलो. त्यानंतर गाडी कलू लागली. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेला नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘मैदान’ हा त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा पुष्कळांना हे नाव पहिल्यांदा कळले. पण तोपर्यंत तो संघ विरत चालला होता. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० मध्ये गेले, फ्रँको २०२१ मध्ये आणि बलराम २०२३ मध्ये.

एकदाच मध्ये जुनी सावली दिसली. १९७० साली बँकॉकच्या आशियाई खेळांत आपण जपानला १-० असे हरवून ब्राँझपदक आणले. संघ शिकवणाऱ्या दोघांपैकी एक होते प्रदीपकुमार बॅनर्जी, जाकार्ताच्या अंतिम सामन्यात पहिला गोल करणारे. कप्तान होता सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचा. त्यानंतर आशियाई खेळांत पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारताला पदक मिळालेले नाही.